फोंड्यातील एका मूत्राशय-फिजिओथेरपी केंद्राविषयी: आधी मोजमाप, मग उपचार

लघवीवरील ताबा सुटण्याच्या तक्रारींसाठी गोव्यातील फोंडा शहरात चालणाऱ्या एका खासगी फिजिओथेरपी केंद्राची सेवा मी सासूबाईंच्या निमित्ताने काही महिने जवळून पाहिली. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण पुढे त्याच्या उणिवाही लिहायच्या आहेत. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. शिंक किंवा खोकला आला, पाण्याची बादली उचलली की थेंब जाणे ही त्यांची एक तक्रार होती, तर बाहेरून येऊन दाराच्या कुलपात किल्ली घालताच अनावर घाई होणे ही दुसरी. गावच्या जत्रेतले रात्रभर चालणारे नाटक पाहणे त्यांनी याच कारणाने सोडले होते. विचारले की मात्र गुडघ्यांकडे बोट दाखवीत. पहिल्या प्रकारात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि मूत्रमार्गाची झडप दाबाला पुरी पडत नाहीत, तर दुसऱ्यात मूत्राशय पुरते भरण्याआधीच त्याच्या भिंतीचा स्नायू आवळला जातो. दोन्हींचे उपचार वेगळे असतात, आणि उतारवयातील अनेक स्त्रियांमध्ये दोन्ही प्रकार एकत्र आढळतात.

केंद्राची सर्वात जमेची बाजू अशी की पहिल्या भेटीत तेथे व्यायाम शिकवला जात नाही आणि औषधाचे नावही निघत नाही. हाती एक तक्ता आणि मापाचा जग देऊन तीन दिवसांची नोंद करायला सांगतात: किती वाजता काय आणि किती प्यायले, किती वाजता किती मिलिलिटर लघवी झाली, घाई होती का, कपडा ओला झाला का. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणपणे 400 ते 600 मिलिलिटर लघवी मावते, पहिली जाणीव 150 ते 200 च्या आसपास होते, आणि दिवसाकाठी सात-आठ वेळा जाणे सर्वसाधारण मानले जाते. सासूबाईंच्या नोंदीतून दिसले की त्या बहुतेक वेळा शंभराच्या आसपासच लघवी करून येत होत्या, कारण बसमध्ये अडचण नको म्हणून घराबाहेर पडण्यापूर्वी, देवळात शिरण्यापूर्वी, पाहुणे येण्यापूर्वी एकदा जाऊन येण्याची सवय त्यांना वर्षानुवर्षे जडली होती. अशा सवयीने मूत्राशय थोड्या भरावालाच हाक मारू लागते. चोवीस तासांतील लघवीच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग रात्री होत होता, हेही त्याच तक्त्यामुळे कळले. दिवसभर पायांना सूज येणाऱ्यांच्या शरीरातील ते पाणी रात्री आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून दुपारी काही वेळ पाय उंचावर ठेवायचा आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना विचारायचा सल्ला मिळाला. ही साधी गोष्ट याआधी आम्हाला कोणीच सांगितली नव्हती.

नोंदीच्या जोडीला लघवीची साधी तपासणी आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते हे पाहणारी सोनोग्राफी बाहेरून करून आणायला सांगतात. हा आग्रह मला योग्य वाटला. मूत्राशय रिकामेच होत नसेल, तर वरवर दिसणारी गळती ही भरून ओसंडण्याची असते, आणि अशा माणसाला घाई शमवणारी गोळी दिली तर लघवी तुंबण्याचा धोका वाढतो. एका दवाखान्यात सासूबाईंना कोणतीही तपासणी न करता तशी गोळी लिहून दिली गेली होती. तोंडाला कोरड आणि बद्धकोष्ठ हेच तिचे फळ मिळाले. घाई शमवणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या जुन्या औषधांनी वृद्धांच्या स्मरणावरही परिणाम होऊ शकतो, आणि त्यासाठीचेच नवे औषध मिराबेग्रॉन घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. ज्यांना औषधाची गरज भासते त्यांना केंद्र स्वतः काही न देता मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवते.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याच्या व्यायामाचे शिक्षण हा या सेवेचा गाभा आहे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी 1948 साली हे व्यायाम मांडले तेव्हापासून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, पण तोंडी सूचना ऐकून घरी करणाऱ्यांपैकी बरेच जण भलतेच स्नायू आवळतात किंवा उलट खाली जोर देतात. येथे संवेदक लावून पडद्यावर रेषा दाखवतात, त्यामुळे योग्य स्नायू आवळला की नाही हे स्वतःलाच दिसते. "काकी, श्वास रोखू नका, मांड्या सैल सोडा, आतून वर ओढल्यासारखं करा," असे तेथील मुलगी न कंटाळता सांगत राही. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) संस्थेच्या सूचनेप्रमाणे एका वेळी किमान 8 आकुंचने, दिवसातून 3 वेळा, किमान 3 महिने, असा हा क्रम आहे. आठवड्याभरात गुण येईल असे आश्वासन येथे कोणी देत नाही. घाई आली की शौचालयाकडे धावण्याऐवजी जागीच थांबायचे, तेच स्नायू भराभर काही वेळा आवळायचे, लाट ओसरली की शांतपणे चालत जायचे, आणि दोन वेळांतील अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवीत न्यायचे, हा दुसरा भाग. सासूबाईंना व्यायामापेक्षा हा अधिक पटला.

पाण्याबाबतही स्पष्ट बोलणे झाले. गळतीच्या धास्तीने पाणी तोडणे ही आपल्याकडील सर्रास रीत आहे. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाला चुरचुर लागते आणि मलावरोध वाढतो, तोही घाईला कारण ठरतो. सायंकाळनंतरचा चहा मात्र बंद करायला लावला. पावसाळ्यात घाम कमी येतो आणि लघवी वाढते, हेही आधीच बजावले होते, म्हणून चतुर्थीच्या दिवसांत तक्रार जरा वाढली तेव्हा त्या घाबरल्या नाहीत. मासिक पाळीचे पॅड लघवीसाठी वापरू नयेत, ते पातळ द्राव वेगाने शोषत नाहीत आणि दमट हवेत जांघेत पुरळ उठते, ही सूचनाही उपयोगी पडली.

उणिवा लहान नाहीत. ज्या केंद्रात येणारा प्रत्येक जण लघवीच्या घाईने त्रस्त असतो, तेथे लिफ्ट नसलेल्या इमारतीचा जिना चढावा लागतो आणि शौचालय व्हरांड्याच्या पार टोकाला, शेजारच्या कार्यालयांशी सामायिक आहे. स्वागतकक्षातील कर्मचारी सर्वांदेखत मोठ्याने तक्रार विचारतात. एक गृहस्थ त्यामुळे परत फिरताना मी पाहिले. नोंदीचा तक्ता केवळ इंग्रजीत आहे, तो आम्ही घरी मराठीत लिहून काढला. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर गळतीचा त्रास होणाऱ्या पुरुषांना येथे वेळ मिळत नाही, आणि तेही तितकेच गरजू असतात.

सासूबाईंना शिंकेसरशी थेंब जाणे बरेच कमी झाले आहे, रात्रीचे उठणे कमी झाले तरी थांबलेले नाही, आणि गेल्या जत्रेत त्या नाटकाचा पहिला अंक संपेपर्यंत बसल्या. लघवीत रक्त दिसणे, लघवी अचानक पूर्ण अडणे, थंडी-ताप आणि कमरेत दुखणे, किंवा जांघेत बधिरपणा येऊन पायांतील बळ जाणे, यांपैकी काहीही असेल तर या केंद्राची वेळ घेत बसू नये, सरळ बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे. इतरांनी संपूर्ण उपचारक्रमाचे पैसे आगाऊ भरण्याचा आग्रह मान्य करू नये. सुरुवातीला एका-एका भेटीचे शुल्क देता येते का हे विचारावे, आम्ही विचारले तेव्हा त्यांनी ते मान्य केले.