आधी हरणांकडं जा: वर्षभर बघितलेली प्राणीसंग्रहालयं

आमच्याकडं बेळगावला पाहुणे आले की भुतरामहट्टी ठरलेलीच. काकती ओलांडून कोल्हापूरच्या वाटेला लागलं की विद्यापीठाजवळ राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालय. तिकीट काढलं की सगळे वाघ-सिंहाकडं पळतात. मी आधी काळविटांच्या कुंपणाशी थांबते. हरणं कशी ठेवलीत त्यावरून ती जागा कशी चालते ते मला कळतं, आणि यंदा जिथं जिथं गेले तिथं हेच बघत फिरले.

सकाळी लवकर गेलं तर काळवीट नर आपली हद्द आखताना दिसतो. डोळ्याखाली त्याला एक खाच असते. ती उघडून तो काटकीचं टोक अलगद आत घेतो आणि मान जराशी फिरवतो. काटकीवर काळपट, चिकट ठिपका राहतो. मग पुढची काटकी. कुंपणापाशी गप्प उभं राहिलं तर हे सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. तिथला एक कर्मचारी मला म्हणाला होता, "अक्का, ह्यांच्याकडं कोण बघतच नाही की."

नोव्हेंबर 2025 मध्ये ह्याच 38 काळविटांतली 31 काही दिवसांत गेली. कारण घटसर्प, म्हणजे गावाकडं पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना ज्याची लस टोचून घेतात तोच रोग. बातमी वाचली त्या दिवशी घरात कशात लक्ष लागलं नाही. त्याआधी जुलैत पुण्याच्या कात्रज प्राणीसंग्रहालयात 16 चितळं लाळ्या-खुरकुतानं गेली होती. दोन्ही रोग गोठ्यातले. हरणाचं दुखणं लवकर कळत नाही. अशक्त दिसलं की शिकार होते, म्हणून ते शेवटपर्यंत कळपाबरोबर चालत राहतं. आणि गाईसारखं दावं धरून त्याला सुई टोचता येत नाही, धरपकडीच्या धसक्यानंसुद्धा ते मरतं. सरसकट कुणाला तरी दोषी धरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं. तरी 31 हा आकडा गिळवत नाही.

म्हैसूरला मात्र मन भरलं. 1892 पासूनची जागा, झाडंच इतकी जुनी की भर दुपारी सावलीतून चालता येतं. पोलो हा एकटा गोरिला 2014 मध्ये गेला, मग 2021 मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेंबा आले. त्यातला एक फांदीची साल दातानं सोलून आतला ओला भाग चावत बसला होता. लोक ओरडत होते, त्यानं आमच्याकडं पाठ फिरवली. त्याला पाठ फिरवायला जागा होती, हेच मला आवडलं.

गोव्यात बोंडल्याच्या प्राणीसंग्रहालयात गव्यासाठी जायचं. अनमोड घाट उतरून गेलो. दाट झाडी आहे, गर्दी बेताची. गोव्याचा राज्यप्राणी तो, शांतपणे रवंथ करत बसलेला बघून आमच्या खानापूरकडच्या रानातले गवे आठवले. कात्रजला सर्पोद्यान बघावं, तलावाकाठी बसावं. बॅटरीच्या गाडीत बसू नका, काही दिसत नाही.

एका ठिकाणी मात्र पोटात कालवलं. नाव लिहीत नाही. सांबरांच्या आवारात सावली म्हणून एक पत्र्याचं छप्पर, हौदात हिरवं शेवाळ, आणि कुंपणातून चिप्सची पाकिटं आत सरकवणारी माणसं. सांबर हे पाण्याचं, चिखलाचं जनावर. त्याला लोळायला खड्डासुद्धा नव्हता. सांगायला माणूस शोधला, तिकीट खिडकीवरच्या पोरानं "तक्रार वहीत लिहा" म्हटलं. वही मिळाली नाही. वाघाच्या पिंजऱ्यावर मात्र नवा रंग.

जाणार असाल तर म्हैसूर मंगळवारी बंद, कात्रज बुधवारी, बोंडला गुरुवारी. उघडताच आत शिरा, दहानंतर हरणं सावलीला बसतात. आणि कर्नाटकातल्या प्राणीसंग्रहालयांत प्राणी दत्तक घ्यायची योजना आहे, वर्षभराच्या खर्चाचे पैसे भरायचे. वाघाचा खर्च झेपणार नाही म्हणून माघारी फिरू नका, हरणाचं विचारा. आम्ही भुतरामहट्टीच्या काळविटासाठी विचारणार आहोत.