घरातल्या घरात कागद कशाला?

"तुमचंही आजचंच बुकिंग आहे का?" आमच्याच सुट्टीच्या घराच्या दारात उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी मला विचारलं. माझी किल्ली लागेना म्हणून मी बेल वाजवली होती. त्यांच्या मागे भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद अजून चिकटलेला होता: 'निघताना मुख्य नळ बंद करा.'

ते घर आम्ही 4 चुलत भावंडांनी मिळून घेतलं, प्रत्येकी चौथा हिस्सा. नोंदणीच्या दिवशी सगळ्यांना यायला जमत नव्हतं. दादा म्हणाला, "तूर्त माझ्या एकट्याच्या नावावर होऊ दे, तुमची नावं नंतर चढवू. घरातल्या घरात कागद कशाला?" आम्ही माना डोलावल्या. पैसे त्याच्या खात्यात भरले, पण कशाचे ते एकानेही लिहिलं नाही. ही चूक मला आजही झोपू देत नाही, कारण पुढे वकिलामार्फत त्याचं उत्तर आलं की ते पैसे आम्ही त्याला उसने दिले होते. बँकेच्या नोंदीवरून पैसे गेले एवढंच कळतं. ते हिश्शापोटी गेले, हे कळत नाही.

दुरुस्ती, वीजबिल, कर यांतला आमचा वाटा आम्ही 7 वर्षं न चुकता दिला. खरेदीखत दाखव म्हटलं की "लॉकरमध्ये आहे" हे ठरलेलं उत्तर. प्रत्यक्षात घर तारण ठेवून त्याने धंद्यासाठी कर्ज काढलं होतं आणि मूळ कागद बँकेत होते. आमच्या पाळ्या सोडून उरलेले आठवडे घर भाड्याने जात होतं, ते वेगळंच. दप्तरी मालक एकच, मग आमच्या सह्या मागणार कोण?

तुम्ही असं घर घेत असाल तर कृपा करून पहिल्याच दिवशी सगळ्यांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा खरेदीखतात घाला. कोणी जास्त पैसे घातले असतील तर तेही आकड्यात येऊ द्या. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा लेखी अधिकार, कोणाला द्यावंच लागलं तर ते तेवढ्या एका कामापुरतं द्या. नुसत्या नावांनीही भागत नाही. बहुतेक ठिकाणी सहमालकाला आपला अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेला, हिस्सा बाहेरच्याला विकता येतो. कोणी वाटणी मागितली आणि घराचे तुकडे पडण्यासारखे नसतील, तर कोर्ट ते विकून पैसे वाटून देऊ शकतं. म्हणून वेगळा करारनामा हवाच: बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा घेण्याचा पहिला हक्क इतरांचा, त्याची किंमत कोण ठरवणार, पैसे किती महिन्यांत द्यायचे, कोणी गेल्यावर वारसांचं काय, भाडं कोणत्या खात्यात जमा होणार. सुट्ट्यांच्या पाळ्यांवरून भांडणं होतात, पण ती मिटतात. या गोष्टींवरून झालेली मिटत नाहीत.

आम्ही तिघांनी दावा लावला आहे. धाकट्या बहिणीच्या जुन्या मोबाईलमध्ये दादाचा एक मेसेज सापडला: "तुझ्या हिश्शाचे मिळाले." तो फोन विकू नका, दुरुस्तीलाही देऊ नका, असं वकिलांनी बजावलं आहे.