एक्स्चेंजला जाताय? जॉग्रफीत जीआयएस, फील्डवर्क की ह्युमन जॉग्रफी

एका सेमिस्टरसाठी दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायचं ठरलं की कोर्सची भलीमोठी यादी हातात पडते आणि बरेच जण नुसती नावं बघून टिक करून मोकळे होतात. प्लीज असं करू नका. भूगोलात कोर्सचं नाव काय यापेक्षा तो शिकवतात कसा आणि मार्क कशावर देतात हे आधी बघायला हवं. मी तिन्ही प्रकार केलेत, म्हणून कळकळीने सांगतेय.

जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं) आणि रिमोट सेन्सिंग (उपग्रह किंवा विमानातून टिपलेल्या प्रतिमांवरून जमिनीचा अभ्यास) यांकडे सगळ्यांचा ओढा असतो आणि त्यात चूक काही नाही, भाषेचा त्रास कमी, दर आठवड्याला लॅब, शेवटी एक प्रोजेक्ट, नोकरीलाही उपयोग होतो. माझ्या पहिल्या असाइनमेंटला एका मोठ्या तलावाचं क्षेत्रफळ ०.०००३ आलं आणि अर्धा दिवस त्यातच गेला, शेवटी बघते तर लेयर (नकाशाचा डेटा) डब्ल्यूजीएस ८४ या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीत, म्हणजे सगळं मोजमाप अंशांत चाललेलं, मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत रीप्रोजेक्ट केल्यावर, म्हणजे बदलून घेतल्यावर, चौरस मीटरमध्ये नीट आकडा आला. पण हे सगळं घरी बसूनही शिकता येतं हो! क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लँडसॅट उपग्रहांच्या इमेज २००८ पासून फुकट आहेत, सेंटिनेल-२ उपग्रहांचा १० मीटरचा (एक पिक्सेल १० मीटरचा) डेटाही फुकट मिळतो. त्यामुळे बेसिक जीआयएससाठी एक्स्चेंजची जागा खर्ची घालू नका, रडार किंवा लायडारवरचा (लेसरने जमिनीची उंची मोजण्यावरचा) पुढचा कोर्स असेल तर जरूर घ्या, फक्त त्याला आधीचे कुठले कोर्स झालेले लागतात ते वाचून घ्या.

फील्डवर्कचा कोर्स मिळत असेल तर माझं मत सरळ त्यालाच. नदीत आडवी टेप ताणायची, ठरावीक अंतरावर खोली मोजायची, आणि प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागापासून ६० टक्के खोलीवर पाण्याचा वेग मोजणारा करंट मीटर धरायचा, कारण तिथला वेग साधारण त्या उभ्या रेषेतल्या सरासरी वेगाइतका असतो, मग प्रत्येक तुकड्याची रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करून सगळ्याची बेरीज केली की डिस्चार्ज, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते, निघतो. हे सूत्र मला आधीपासून पाठ होतं, पण गुडघाभर गार पाण्यात उभं राहिल्यावर दिसलं की मीटरच्या अलीकडे एक मोठा धोंडा असला तरी रीडिंग केवढं बदलतं. तुमच्याकडे नसलेली भूरूपं, हिमनदीने कोरलेली दरी असो की भरती-ओहोटीचा चिखलाळ किनारा, ती तिथे जाऊनच बघायची असतात. अडचणी मात्र आहेत. जागा कमी असतात आणि बऱ्याचदा तिथल्याच मुलांना आधी मिळतात, ट्रिपचा खर्च कधीकधी वेगळा भरावा लागतो, आणि काही ट्रिप सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच निघतात, तेव्हा तारखा बघितल्याशिवाय तिकीट काढू नका.

ह्युमन जॉग्रफीत (माणसं, समाज, शहरं यांचा भूगोल) वाचन प्रचंड, सेमिनारमध्ये बोलावं लागतं आणि मार्क मुख्यतः निबंधांवर. तिथल्या भाषेत लिहायची सवय असेल तरच घ्या. शहरात फिरवून शिकवणारा अर्बन जॉग्रफीचा कोर्स असेल तर गोष्ट वेगळी, तो मला फार आवडला.

आता क्रेडिटचं. युरोपातल्या ईसीटीएस या क्रेडिट पद्धतीत एका सेमिस्टरला ३० क्रेडिट धरतात, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. ब्रिटनमधले २ क्रेडिट म्हणजे १ ईसीटीएस, त्यामुळे तिकडचा १५ क्रेडिटचा कोर्स दिसायला मोठा पण हिशोबाला साडेसातच, आणि अमेरिकेत ३ क्रेडिटचा एक असे साधारण पाच कोर्स घेतात. हे आपल्या डिपार्टमेंटकडून आधी लेखी मंजूर करून घ्या, परत आल्यावर भांडून उपयोग होत नाही, माझ्या एका मैत्रिणीचा आख्खा कोर्स असाच वाया गेला. आणि परीक्षा कधी तेही विचारा, कारण काही ठिकाणी पहिल्या सेमिस्टरची परीक्षा जानेवारीत असते आणि तुम्ही डिसेंबरमध्येच निघणार असाल तर त्याऐवजी दुसरं काही सबमिट करता येतं का हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

फील्ड कोर्स फुल दिसला तरी हार मानू नका. पहिल्या आठवड्यात मुलं कोर्स बदलतात, तेव्हाच शिकवणाऱ्यांना मेल टाका आणि लेक्चरलाही जाऊन बसा, मला जागा अशीच तिसऱ्या दिवशी मिळाली.