बिलावर भरलेले हाड

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळीनंतर, कापसाचा पहिला चुकारा लोकांच्या हाती आलेला असताना, मोफत दंत तपासणी शिबिर भरले होते. ही वेळ योगायोगाने साधली गेली असे मला वाटत नाही. समाजमंदिरात तपासणीची खुर्ची मांडली होती, तोंडातले चित्र मोठे करून दाखवणारा पडदा होता, आणि तपासून झालेल्या माणसाला शहरातल्या खासगी दवाखान्यात नेण्यासाठी बाहेर गाडी उभी होती. माझी आई एकसष्ट वर्षांची असून तिला मधुमेह आहे. तिची तक्रार एवढीच होती : "दाताले थंडं पानी लागते, बाकी काई नाई." खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या दोन दाढा 'संपल्या आहेत' असे तिला सांगण्यात आले, दुसऱ्याच दिवशी त्या काढण्यात आल्या, आणि त्याच बैठकीत त्यांच्या जागी जबड्याच्या हाडात दोन स्क्रू, म्हणजे कृत्रिम दाताला आधार देणारे इम्प्लांट, बसवण्यात आले. मी नोकरीनिमित्त दुसऱ्या जिल्ह्यात असतो. मला हे कळले तेव्हा पैसे भरून झाले होते. शिबिरांचा हंगाम पुन्हा जवळ येत असल्यामुळे हा सारा प्रकार तपशिलाने लिहितो आहे.

आईला घाई करायला लावणारे वाक्य दवाखान्यातील समन्वयक बाईंचे होते. "आई, दात काढला की बहात्तर तासांत हाड विरघळायला लागते. आज स्क्रू नाही टाकला तर पुढे कवळीसुद्धा बसणार नाही." आमच्या गावातल्या आणखी काही जणांना हेच वाक्य जवळपास त्याच शब्दांत ऐकवण्यात आले आहे. ते निव्वळ खोटे असते तर कोणीतरी ते पकडले असते. त्यात अर्धे खरे आहे, आणि फसवणूक त्या अर्ध्या खऱ्याच्या आधारानेच झाली.

खरे काय, ते मी नंतर नागपूरच्या एका मुखशल्यचिकित्सकांकडून समजून घेतले. दाताच्या मुळाभोवतीचे हाड दातासाठीच असते. चावताना पडणारा भार मुळाच्या आवरणातून त्या हाडापर्यंत पोहोचतो आणि त्यामुळे ते टिकून राहते. दात गेला की खोबणीच्या आतले अस्तरासारखे पातळ हाड निरुपयोगी होऊन झिजते. गालाकडची भिंत मुळातच पातळ असल्यामुळे झीज तिकडे जास्त होते आणि जबड्याची कड अरुंद होत आतल्या बाजूला सरकते. डेन्मार्कमध्ये 46 रुग्णांवर झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाढ किंवा उपदाढ काढल्यानंतर वर्षभरात त्या जागेची रुंदी सरासरी 12 मिलिमीटरवरून 5.9 मिलिमीटरवर आली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांत झाली. म्हणजे हाड झिजते, आणि बरेच झिजते. पण हा हिशेब महिन्यांचा आहे, तासांचा नाही. जखम भरू देऊन काही आठवड्यांनी किंवा तीन-चार महिन्यांनी इम्प्लांट बसवणे ही जगभर रूढ असलेली पद्धत आहे. तेव्हा हाड कमी पडले तर ते भरता येते, आणि इम्प्लांट नकोच असेल तर शेजारच्या दातांचा आधार घेऊन ब्रिज बसवता येतो किंवा काढता-घालता येणारे दात करता येतात.

दात काढताक्षणी इम्प्लांट बसवला की हाड झिजायचे थांबते, हा दावाही टिकत नाही. कुत्र्यांवर झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ताज्या खोबणीत इम्प्लांट बसवूनही गालाकडची भिंत खचलीच. त्याच दिवशी इम्प्लांट बसवणे चूक नव्हे. अनुभवी डॉक्टर योग्य रुग्णाच्या बाबतीत ते करतात. पण त्यासाठी खोबणीच्या भिंती शाबूत असाव्या लागतात, जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, पाहावा लागतो, कारण खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते, आणि मधुमेह असेल तर रक्तातली साखर आटोक्यात आहे ना, हे तपासावे लागते. आईची साखर कोणी विचारलीसुद्धा नाही. (आमच्या भागात सुपारी-तंबाखूच्या खर्‍याची सवय घरोघरी असताना तंबाखूचीही चौकशी एकाही रुग्णाकडे झाली नव्हती, हे मला नंतर इतरांनी सांगितले.)

बिलात मात्र सगळे होते. दोन आयात केलेले इम्प्लांट, दोन ठिकाणी 'हाड भरणे', त्रिमितीय स्कॅन, औषधे, आणि शिबिराची सूट वजा जाता एकूण 1,24,000 रुपये. संमतीपत्र इंग्रजीत होते आणि त्याखाली आईची मराठी सही होती.

पुढच्या काही आठवड्यांत एक स्क्रू बोटाने हलू लागला आणि हिरडीतून पू येऊ लागला. दवाखान्यातून "हाड धरायला वेळ लागतो" असे उत्तर मिळत राहिले. इम्प्लांट ज्याचे असतात त्या टायटॅनियम धातूला हाड घट्ट धरते, हे स्वीडनचे संशोधक ब्रेनेमार्क यांनी दाखवून दिले आणि 1965 साली पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. त्या काळी खालच्या जबड्यात तीन-चार महिने थांबण्याची प्रथा होती, हे खरेच आहे. परंतु थांबण्याच्या या महिन्यांतही इम्प्लांट स्थिर असावा लागतो. हलणारा इम्प्लांट वाट पाहिल्याने घट्ट होत नाही, तो काढावाच लागतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी जुना स्कॅन मागितला म्हणून मी दवाखान्याकडे पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे एक छापील प्रत मिळाली. डॉक्टरांनी ती प्रकाशाच्या पेटीवर लावली, थोडा वेळ पाहिली आणि आईला तोंड उघडायला सांगितले. स्कॅनमध्ये उजव्या बाजूला आडवी रुतलेली अक्कलदाढ स्वच्छ दिसत होती. आईची ती दाढ माझ्या लहानपणीच काढलेली आहे. नावाची पट्टी कापलेली होती, पण खालच्या कोपऱ्यात वय 34 आणि पुरुष अशी नोंद कात्रीतून सुटली होती. हलणारा स्क्रू काढल्यावर आत भरलेल्या हाडाचा एकही कण सापडला नाही. इम्प्लांटच्या पाकिटावर मापाचा आणि बॅच क्रमांकाचा चिकटपट्टीसारखा कागद असतो, त्याची एक प्रत रुग्णाच्या कागदांवर लावतात; हाड भरण्याच्या भुकटीच्या कुपीवरही तो असतो. आमच्या कागदांवर यातले काहीच नव्हते आणि मागूनही मिळाले नाही. गालाकडची भिंत तर आता पूर्वीपेक्षाही खचली आहे. 'हाड वाचवण्यासाठी' बसवलेल्या स्क्रूने हाडच नेले. काढलेल्या दाढांपैकी निदान एक साध्या फिलिंगने वाचली असती का, हे सांगायला ती दाढ आता उरलेली नाही, कारण काढलेले दात आणि दात काढण्याआधीचा एक्स-रे यांपैकी काहीही आम्हाला देण्यात आले नाही.

म्हणून माझे सांगणे असे की शिबिरात तपासणी जरूर करून घ्यावी, पण दात काढण्याचा सल्ला मिळाला तर त्याआधीचा एक्स-रे हातात घेऊन दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे जाऊन येण्याचा एक दिवस आपल्या दाढेपेक्षा महाग नाही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते, तो क्रमांक विचारायला संकोच करू नये. स्कॅनवर आपले नाव, वय आणि तारीख आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली स्पष्ट केलेले आहे. तपासणी फुकट होती म्हणून तक्रार करता येत नाही, असे आम्हाला दवाखान्याने ऐकवले. त्यात तथ्य नाही, कारण उपचाराचे बिल आमच्याकडे आहे. 2019 च्या कायद्यानुसार तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि सेवेसाठी भरलेली मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क पडत नाही. कागदपत्रांची मागणी लेखी करून पोचपावती जपून ठेवावी. आमच्या प्रकरणात तीच आज सर्वांत जास्त उपयोगी पडते आहे.

आम्ही पाठवलेली नोटीस पोहोचल्यावर दवाखान्याचा माणूस घरी येऊन निम्मे पैसे परत देण्याची तयारी दाखवून गेला. सोबत आणलेल्या कागदावर 'उपचाराबाबत आमची कोणतीही तक्रार नाही' असे लिहिलेले होते. या वेळी कागद मराठीत होता. आईने तो चष्मा लावून पूर्ण वाचला आणि सही न करता परत दिला. तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल आहे.