उभ्या गाडीची थरथर: फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी पाय) बदलून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

आमची गाडी सात सीटर, २.२ लिटर डिझेल, मॅन्युअल गिअर. दुखणं सुरू झालं तेव्हा १ लाख १८ हजार किलोमीटर झाले होते. चालत्या गाडीत काही कळायचं नाही, पण उभी राहिली की थरथर. जळगावला आकाशवाणी चौकात सिग्नलला थांबलो होतो, मागे आईच्या मांडीवर भाकरीचा स्टीलचा डबा होता. त्याचं झाकण असं टणटण वाजायला लागलं की आईने वरून हात दाबून धरला आणि म्हणाली, "गाडीले ताप आला का रे?" आरशात मागचा ट्रक दोन-दोन दिसत होता.

पहिली चूक माझीच. इंजिनातच बिघाड आहे असं धरून चाललो. डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काढून काजळी साफ करून घेतली. काजळी खरंच भरपूर निघाली, पिकअपही थोडा सुधारला, पण थरथर तशीच. मग एका सर्व्हिस सेंटरने चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदलायला सांगितले. कोटेशनचा आकडा बघून मी चहाही न पिता बाहेर पडलो.

धुळे रोडवरच्या आमच्या जुन्या मिस्तरींकडे गाडी नेली. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काटा बघत उभे राहिले. काटा ८०० वर गप्प, जरासुद्धा हलत नव्हता. सगळी मेख इथेच होती. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे ८०० आरपीएमला मिनिटाला १६००, सेकंदाला साधारण २७. एवढी बारीक, एकसारखी थरथर फाउंडेशनच्या रबराने गिळायची असते. एखादा सिलिंडर मिस करत असेल तर दर दोन फेऱ्यांना एक धक्का चुकतो, सेकंदाला सहा-सात वेळा. गाडी लंगडल्यासारखी डुलते आणि काटाही बहुधा गप्प बसत नाही. आमच्या गाडीत लंगडणं नव्हतं, सरळ गुणगुण होती. तरीही खात्री म्हणून त्यांनी स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरला ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल किती कमी-जास्त करतोय ते बघितलं. चारही आकडे शून्याच्या आसपास, म्हणजे एकही सिलिंडर मागे पडत नव्हता.

मग क्लच दाबून-सोडून बघितला, फरक नाही. म्हणजे फ्लायव्हीलवरचा (क्लच ज्याला लागतो त्या जड चाकावरचा) संशय कमी झाला. रेस १२०० वर नेली की थरथर गायब. शेवटी ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून तिच्यावर जॅक लावला (नुसता जॅक लावाल तर चेंबर चेपेल) आणि इंजिन जेमतेम बोटभर उचललं. स्टिअरिंगवर माझा हात होता. थरथर निम्मी झाली! मिस्तरी खालूनच बोलले, "भाऊ, इंजिन चांगलं शे. तेना पाय बसी ग्यात."

उजव्या फाउंडेशनवर काळा ओला डाग होता. वर्षभर मी तो इंजिन ऑइलचा समजत होतो. हे फाउंडेशन हायड्रॉलिक असतं. रबराच्या आत द्रव असतो, तो दोन कप्प्यांमधून अरुंद वाटेने इकडून तिकडे जातो आणि हादरा जिरवतो. तो द्रव गळून गेला, रबर बसलं, आणि लोखंडाला लोखंड टेकलं.

दुसरी चूकही माझीच. पैसे वाचवायला मी बाजारातलं भरीव रबराचं लोकल फाउंडेशन घेतलं, तेही फक्त उजवीकडचं. गिअर टाकताना येणारा धडका थांबला, पण थरथर उलट वाढली, तीन आठवड्यांत हाताला मुंग्या यायला लागल्या. भरीव रबर वजन पेलतं, पण बारीक थरथर तशीच चासीत सोडतं. शेवटी नवरात्राच्या आधी दोन्ही बाजूंची ओरिजिनल हायड्रॉलिक बसवली. बसवताना मिस्तरींनी बोल्ट आधी सैल ठेवले, इंजिन खाली उतरवलं, दोन मिनिटं चालू करून आपल्या जागी बसू दिलं आणि मगच आवळले. ताणात आवळलेलं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हापासून गाडी १४ हजार किलोमीटर चालली. कन्नड घाट सहा-सात वेळा झाला. उतारावर पाय सोडून परत रेस दिली की आधी खालून ठक्क असा आवाज यायचा, तो पूर्ण बंद झाला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला आणायला गेलो तेव्हा सात माणसं आणि वर सामान होतं, तरी उभ्या गाडीत डब्याचं झाकण गप्प.

सगळंच गेलंय असं मात्र नाही. थंडीत पहाटे स्टार्ट केल्यावर पहिले दहा-पंधरा सेकंद गाडी हलते, मग शांत होते. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना एसी चालू ठेवून उभं राहिलं की कॉम्प्रेसर लागताना सीटला हलकी थरथर जाणवते. एसी बंद केला की काहीच नाही. अॅव्हरेजमध्ये मला फरक दिसला नाही. फाउंडेशनने अॅव्हरेज वाढतो असं कोणी सांगितलं तर मान हलवायची आणि पुढे जायचं.

गेल्या आठवड्यात ऑइल बदलताना मिस्तरींनी गिअरबॉक्सखालचं तिसरं फाउंडेशनही टॉर्च मारून दाखवलं. रबराला केसाएवढी चीर आहे. ते आम्ही तेव्हा बदललं नव्हतं. आता पोळ्याच्या आधी तेही करायचं ठरलंय, पार्ट सांगून ठेवलाय.