पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट बसवलं, काही महिने वापरल्यानंतर (आणि त्या वायरीबद्दल)

ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगतो: किट घ्या, पण बसवायच्या आधी त्याच्या दोन्ही वायरी बदलून टाका. ज्यांना का ते हवंय त्यांनी पुढे वाचा, मला त्या वायरींवर बरंच बोलायचंय.

गाडी चार सिलिंडरची, एकच कार्ब्युरेटर, १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचा मायनस बॉडीला). फ्लोअरचे पत्रे, ब्रेकच्या लाइनी, वायरिंग सगळं घरीच केलंय आणि अजून चालूच आहे. इग्निशनला हात लावायची तशी घाई नव्हती, पण सीबी पॉइंट्सचा (कॉन्टॅक्ट ब्रेकर, म्हणजे कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा छोटा स्विच) वैताग आला होता. पॉइंट्सची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की टायमिंग मागे जातं (ठिणगी उशिरा पडते), आणि हे सगळं इतकं हळूहळू होतं की गाडी मंद झाली होती हे फीलर गेज घालून गॅप परत ०.४० मिमी केल्यावरच कळतं. त्यात माझ्या डिस्ट्रिब्युटरचा (ठिणगी एकेका सिलिंडरला वाटणारा भाग, पॉइंट्स यातच बसतात) बुश थोडा खाल्लेला आहे, शाफ्टला प्ले आहे, म्हणजे चारही सिलिंडरला सारखा गॅप मिळणारच नाही. आणि पॉइंट्सच्या जोडीला लागणारे नवे कंडेन्सर तर विचारूच नका, कोरा करकरीत बसवावा आणि इंजिन तापलं की त्याने मान टाकावी.

किट काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. पॉइंट्स-कंडेन्सर काढायचे, त्या जागी हॉल सेन्सरचं (चुंबक ओळखणारा सेन्सर) छोटं मॉड्यूल, कॅमवर चुंबकाची रिंग, लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. कॉइल मात्र आधी मीटरने मोजा. साधी १२ व्होल्टची कॉइल ३ ओहमच्या आसपास असते, बॅलास्टवाली (जिच्या आधी वेगळा रेझिस्टर लावतात ती) १.५ च्या आसपास, आणि बॅलास्टवाली जर रेझिस्टर न घालता थेट जोडली तर मॉड्यूलमधून दुप्पट करंट जाईल. माझी ३.१ भरली, म्हणजे तो प्रश्न नव्हता. दुसरं, प्लगच्या केबल जुन्या साध्या तांब्याच्या असतील तर कार्बनवाल्या घ्या, तांब्याच्या केबलमुळे होणारा इलेक्ट्रिकल गोंगाट या मॉड्यूलना सोसत नाही.

सुरुवातीचे महिने मी एकदम खूष होतो, खोटं कशाला बोलू. सकाळी चोक ओढून अर्ध्या फेरीत गाडी सुरू. टायमिंग लाइट लावला तर पुलीवरची खूण जागेवर स्थिर, आधी ती थरथरत असायची. चारही प्लगचा रंग एकसारखा तपकिरी. ३००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, म्हणजे पॉइंट्स असते तर ते सेकंदाला १०० वेळा उघडले-मिटले असते, आणि इथे घासणारं काही नाहीच. किटच्या पैशात पॉइंट्सचे कितीतरी सेट आले असते हे डोक्यात होतंच, पण वाटलं, पैसे वसूल.

मग मिसिंग (मधूनच ठिणगी चुकून इंजिन अडखळणं) सुरू झालं. आणि तेही विचित्र. आयडलला इंजिन मस्त, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तरी मस्त, पण सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवून एका स्पीडला चाललो की झटके. ही लक्षणं ऐकून कोणीही म्हणेल मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे, कुठेतरी हवा ओढतेय. म्हणून जेट साफ केले, फ्लोट लेव्हल पाहिली, मॅनिफोल्डचं गॅस्केट नवीन टाकलं. फरक शून्य.

किटच्या कंपनीला लिहिलं. नाव इथे लिहीत नाही. पहिलं उत्तर आलं कॉइल तपासा. ३.१ ओहम कळवले. दुसरं उत्तर, कॉइलला येणारे व्होल्ट तपासा. इंजिन चालू असताना १३.८, तेही कळवले. तिसरं उत्तर, इंजिन बंद असताना तुम्ही इग्निशन ऑन ठेवलं असेल, त्याने मॉड्यूल जळतं आणि ते वॉरंटीत बसत नाही. आता मॉड्यूल जळलं असतं तर गाडी सुरूच कशी झाली असती, आणि फक्त हलक्या पायावरच कसं जळतं ते? हे विचारलं त्यावर उत्तर नाही, फक्त स्वखर्चाने पार्सल पाठवा, तपासून सांगू. पार्सलचा खर्च माझा आणि तोपर्यंत गाडी उभी, मी पाठवलं नाही.

शेवटी व्हॅक्यूमची नळी सापडली, म्हणजे उत्तर तिथे सापडलं. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी कार्ब्युरेटरवरून काढली, बूच मारलं, चक्कर मारून आलो, मिसिंग गायब. तसंच चालवत राहता येतं, पण हलक्या लोडला मिक्स्चर पातळ असतं, ते सावकाश जळतं, म्हणून त्याला ठिणगी लवकर लागते आणि ते काम व्हॅक्यूम ॲडव्हान्स करतं. नळी काढून ठेवली की पेट्रोल जास्त जातं, आणि मला ते परवडवून घ्यायचं नाही. मग इंजिन आयडलला ठेवून ती नळी तोंडाने ओढली. ओढली की इंजिन बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ओढली, पुन्हा बंद. आयडलला त्या नळीत ओढ नसते आणि पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो, म्हणून त्या दोन्ही वेळी गाडी नीट आणि फक्त मधल्या हलक्या पायावर झटके, सगळं जुळलं.

व्हॅक्यूमने डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट थोडेच अंश फिरते, पण मॉड्यूल त्याच प्लेटवर बसलेलं आहे, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की प्रत्येक वेळी त्याच्या वायरी वाकतात. कॅप काढून लाल वायर चिमटीत धरून हलकी ओढली तर मॉड्यूलच्या तोंडाशी तिचं इन्सुलेशन रबरासारखं ताणलं गेलं. म्हणजे आतलं तांबं तुटलेलं, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत. प्लेट एका बाजूला असली की टोकं टेकायची, दुसऱ्या बाजूला गेली की सुटायची.

आता माझा मुद्दा. वायर सोलून बघितली, आत सात जाडसर तारा आणि वर कडक पीव्हीसी. घरातल्या भिंतीतून न्यायला ठीक आहे ही वायर. सतत वाकणाऱ्या जागी ही वायर घालणाऱ्याने कधी जुना डिस्ट्रिब्युटर उघडून तरी बघितला होता का? पॉइंट्सच्या जमान्यात याच जागी कापडाच्या वेटोळ्यातली, केसासारख्या बारीक तारांची मऊ वायर असायची, प्लेटच्या अर्थला पण तशीच. चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅकसाठी बॅटरी-कॉइल-पॉइंट्सचं इग्निशन आणलं त्याला आता ११० वर्षं उलटून गेली, ही जागा हलते हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. आणि यांनी हॉल सेन्सर लावला, चुंबकाची रिंग लावली, सगळं इपॉक्सीत ओतून बंद केलं, आणि वायरीत काही पैसे वाचवले. वायर इपॉक्सीतून जिथे बाहेर येते तिथे साधी रबरी बाही पण नाही, त्यामुळे सगळं वाकणं त्याच एका बिंदूवर. या एका गोष्टीचा मला जितका राग आलाय तितका गंजलेल्या पत्र्यांचा पण आला नाही, कारण गंज मुद्दाम कोणी लावलेला नसतो.

दुरुस्ती सांगतो. वायरीच्या तोंडाशी इपॉक्सी थोडं थोडं खरवडून तांब्याचा तुकडा मोकळा केला, तिथे सिलिकॉन इन्सुलेशनची मऊ वायर डाख लावून जोडली. डाख वायरीत वर चढतो आणि तेवढा भाग कडक होतो, नंतर वायर बरोबर त्या कडक भागाच्या टोकाला तुटते, म्हणून सांध्यावर गोंदवाली हिट श्रिंक चढवली, वरून इपॉक्सी लावलं, आणि सांध्याच्या थोडं पुढे वायर प्लेटच्या स्क्रूखाली छोट्या क्लिपने धरली, म्हणजे सांधा आणि प्लेट एकत्रच हलतात. पुढे सैल वेटोळं देऊन ग्रॉमेटमधून बाहेर. वेटोळं कॅम आणि रोटरला (कॅपखाली फिरून ठिणगी वाटणारा तुकडा) लागत नाही ना ते प्लेट हाताने दोन्ही टोकांना फिरवून बघा. काळी वायर अजून धड होती, ती पण बदलली.

तेव्हापासून मिसिंग नाही, व्हॅक्यूमची नळी परत जागेवर आहे. त्यामुळे मधल्या काळात मी जे ठरवलं होतं, की सगळं काढून पॉइंट्सवर परत जायचं, ते आता रद्द. पण जुनी प्लेट पॉइंट्स-कंडेन्सरसकट गॅप लावून डिकीत ठेवली आहे, ती काढणार नाही. पॉइंट्स बिघडले तर पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं, मॉड्यूल मेलं तर रस्त्यावर काही करता येत नाही. आणि हो, रोटर घेताना पितळी पट्टी रिवेटने ठोकलेला स्वस्तातला घेऊ नका, करंट रिवेटमधून खाली शाफ्टला जातो आणि मग तुम्ही मॉड्यूलला दोष देत बसता.

पॉझिटिव्ह अर्थची गाडी असेल तर त्याचं किट वेगळं मिळतं, हे त्यावर जोडू नका, उलट पोलॅरिटीने लगेच जातं.

अपडेट: तुटलेल्या वायरीचे फोटो कंपनीला पाठवले होते. त्यांनी नवीन किटवर सूट देऊ असं कळवलं. मी नको म्हटलं, नवीन किटमध्ये वायर कुठली आहे एवढंच विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.