कळसूबाई की साल्हेर?

डोंगराचं नाव विचारायला येणाऱ्या मुंबईकराला मी आधी एकच विचारतो: उंची गाठायची आहे की माणसांपासून लांब जायचंय? कारण कळसूबाई १६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच. साल्हेर १५६७ मीटर, किल्ल्यांत सर्वांत उंच. ऐंशी मीटरचा फरक पायांना कळतसुद्धा नाही.

कळसूबाई सोयीचं. रात्रीची शेवटची कसारा लोकल, पुढे जीपने घोटीमार्गे बारी, आणि उजाडताना चढाई सुरू. कड्यांवर लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग. अर्थात, आभाळ मोकळं असेल तर. जुलैत गेलो तेव्हा मला पुढच्याचे बूट तेवढे दिसले. शिवाय पावसाळ्यातल्या रविवारी शिडीखाली अशी रांग, की दादरच्या पुलावर उभं असल्यासारखं वाटावं.

साल्हेर पार नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात, गुजरातच्या डांगच्या सीमेला लागून. नाशिक, सटाणा, ताहराबाद करत वाघांबे किंवा साल्हेरवाडी गाठायची. दोन दिवस हवेतच. वाघांब्याहून साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत आलात की खरी मजा. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याच्या पोटातून आडवी वाट आणि गुहा. पठारावर गंगासागर तलाव, त्याच्याही वर परशुरामाच्या देवळाचं टोक. तिथून मुल्हेर, मोरा, हरगड आणि मांगी-तुंगीचे सुळके दिसतात; घरं मात्र शोधावी लागतात. १६७२ साली मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच परिसरात. २०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हा गर्दी वाढायच्या आत जाऊन या.

दगड दोन्हीकडे तोच, थरांचा काळा बेसाल्ट. पाणी मात्र वेगळ्या वाटेने जातं: कळसूबाईचं शेवटी गोदावरीला मिळतं, तर साल्हेरच्या पूर्वेचं मोसम आणि गिरणेतून तापीला.

पहिलाच ट्रेक असेल, मुलं बरोबर असतील किंवा एकच सुट्टी असेल तर कळसूबाई, तेही पावसाळा सरल्यावर आणि जमलं तर आडवारी. नवरात्रात जत्रा असते, एकांत विसरा. दोन दिवस आणि दमदार सोबती असतील तर डोळे मिटून साल्हेर. सालोटाही करणार असाल तर खिंडीतून आधी तोच उरका. साल्हेर उतरून आल्यावर पाय ऐकत नाहीत.